डब्लिनमध्ये सापडलेलं मोडी पत्र

अगं, दोन हजार सतराच्या जूनमध्ये आमच्या लायब्ररीनं मला हस्तलिखितांची सूची करायच्या ट्रेनिंगला डब्लिनला पाठवलं होतं ना, तिथली गोष्ट. शिकवणारी होती नोरीन. तिनं प्रत्येकाला एका जुन्या आयरिश घराण्याच्या कागदांतलं एकेक पाकीट दिलं. माझ्या पाकिटावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'भरतकामाचा नमुना'.

आतला कागद पाहिला आणि फिरवून सुलट धरला.

"नोरीन, हा नमुना नाही. ही मोडी आहे, मराठीची जुनी लिपी. हे पत्र आहे."

"तुला वाचता येतं?"

पुण्यात हौसेनं सहा महिने शिकले होते, तेवढंच. एकेक अक्षर लावत, नोरीनला इंग्रजीत सांगत वाचत गेले. त्या घराण्यानं हिंदुस्थानातून आणलेला लक्ष्मण नावाचा आचारी आपल्या आईला लिहीत होता, "येथे रात्रीची जेवणे आटोपली तरी उजेड असतो. दिवा केव्हा लावावा, समजत नाही. तू लावलास की मला कळवीत जा."

पत्र बहुधा धाडायचं राहूनच गेलं होतं. ट्रेनिंगची वेळ कधीच संपून रात्रीचे आठ वाजले होते, तरी खिडकीतून ऊन टेबलावर पसरलेलं. क्षणभर मला आपण कुठे आहोत, कोणत्या काळात आहोत, काही उमजेना.

नोरीननं हळूच सूचीचा फॉर्म पुढे सरकवला. लेखकाच्या रकान्यात मी 'लक्ष्मण' लिहिलं.

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे तिकडचं 'छान'. "आणि विषय?" तिनं विचारलं. "हवामान?"

"नाही," मी म्हटलं. "आई."