पोरीनं आईला नाही खाल्लं

नाही मावशी, मी परत सांगतो. ताईच्या पोरीनं आईला खाल्लेलं नाही.

मंडळी, माफ करा. कोलशेतचे, आमच्या कोपरचे, सगळे ताईच्या शोकसभेला जमलात, आणि मी भांडणच काढलं. कंपनीनं रजा दिली नाही, म्हणून मस्कतहून ही कॅसेट पाठवलीय. समोर तोंडं दिसत नाहीत. कसं बोलू? मावशींशी, म्हणजे ताईच्या सासूशी, हा वाद अर्धा राहिलेला, तिथनंच सुरू झालो.

ताईला मुलगी झाली. पुढे अंगावरून जायचं थांबेना. उलट्या सुरू. दवाखान्यात लघवी तपासली, तर म्हणाले दिवस राहिलेत. मावशी, तुम्हीच पेढे वाटलेत ना? शेजारणी ताईला चिडवायच्या, "अगं, पहिलीला रांगू तरी दे!" ताई हसायची. भावजी लाजून होडीकडे पळायचे.

पोटात पोर नव्हतंच. गाठ होती.

खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा ठाण्याला नेली. मी रजेवर आलेलो. डॉक्टरीणबाईंना मीच विचारलं. म्हणाल्या, बाळंतपणात वार पडते ना, तिचाच एखादा कण मागे राहतो नि कॅन्सर होऊन वाढतो. फार क्वचित होतं. गरोदर बाईच्या अंगात जे हार्मोन असतं, तेच ही गाठ सोडते. म्हणून तपासणी फसली.

"मग माझ्या ताईलाच का?"

"ते आम्हालाही माहीत नाही रे. औषध आहे, पण हिच्या छातीत गेलंय. उशीर झाला."

मावशी, म्हणजे तुमचं अर्धं खरं निघालं. सुरुवात त्याच बाळंतपणातून झाली. मी लपवत नाही. पण वार काय पोरीनं मागे ठेवली? ती बाहेर येऊन दूध मागत होती. तिला काय ठाऊक? मी तरी कोणाला धरू? पोरीला? दवाखान्याला? पेढ्यांना? सांगा ना. इथून कोणाच्या अंगावर धावून पण जाता येत नाही.

भावजी, तुम्ही गप्प राहता. नका राहू. पोरीला मांडीवर घ्या. आत्ता, सगळ्यांसमोर घ्या.

मंडळी, आता ताईसाठी उभे राहा. मी बोलत नाही, टेप चालू ठेवतो. पोर रडली तर रडू द्या. तिला बाहेर नेऊ नका.

…

बसा.

भावजी, पोरीच्या दुधासाठी तुमच्या नावावर दर महिन्याला पाठवतोय, तीनशे रुपये.