मोडेमात अडकलेलं उत्तर

सुलोचनानं मले आधी नकार दिलता, ऐका ना! ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी वर्ध्याच्या ऑफिसात, ती नागपूरच्या. दोन्हीकडचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनीवर जोडलेले. मधातला मोडेम मजकूर आधी साठवून ठेवे, मग हळूहळू सोडे. म्हणून उत्तरं उशिरा येत.

एक दिवस मी टाइप केलं, "कापसाचा अहवाल मिळाला का?" अन् उत्तराची वाट न पाहता, हिंमत करून पुढं लिहिलं, "माझ्याशी लग्न कराल?"

लगेच पडद्यावर आलं, "नाही."

मी मोडेमच बंद केला. थोड्या वेळानं फोन वाजला.

"अहो, ते 'नाही' अहवालाचं होतं! दुसरं उत्तर मागून येऊन राह्यलं होतं. मशीन काऊन बंद केली?"

"मग आता सांगा ना."

"इथं सगळे ऐकून राह्यले. मशीन चालू करा."

मले तिथंच समजलं. तरी मशीन चालू केली, अन् 'हो' उमटेपर्यंत पडद्यावरून नजर नाई हलवली.