चाकाखालचं लिंबू

(सिएटलजवळच्या बॉथेल गावाबाहेर, हायवेलगत ट्रेलर विकणाऱ्याचं पटांगण. भर दुपार. एका छोट्या ट्रेलरच्या आत तिघं: नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स पद्मिनीबाई, त्यांचा मुलगा शंतनू आणि सून हिमानी. नात अहिल्या सोबत आलेली नाही. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला आहे.)

आई : ...आणि हा टेबल खाली दाबला की त्याचाच पलंग होते. पाहिलं काय? अहिल्या इथे झोपेल, मी त्या खिडकीजवळ, तुम्ही दोघं मागे. झालं आपलं घर.

शंतनू : आई, जपून. डोकं आपटेल वर.

आई : माझी उंची केवढी, छत केवढं! तुझं सांभाळ. हिमानी, ये ना, बसून तर पाहा. गादी कडक आहे, पण कडकच बरी. पाठीला आधार राहते.

हिमानी : नको आई, मी उभी बरी आहे.

आई : आल्यापासून उभीच आहेस. नवरदेवाकडची रुसलेली मावशी असते ना, तशी.

हिमानी : शंतनू, तो माणूस परत यायच्या आत बोल.

शंतनू : बोलतो ना. आई, तुला हा बरा वाटतो, की मघाचा? तो अंड्यासारखा होता तो?

आई : अंडं दिसायला गोड होतं, पण त्यात संडास नाही. म्हाताऱ्या माणसाला लागली तर काय, अस्वलाला पत्ता विचारायचा?

शंतनू : मग हाच. ह्याला बाथरूम आहे, हीटर आहे, इन्सुलेशन मस्त आहे. घरच्या प्लगवर सगळं चालतं.

आई : फिरायला गेल्यावर घरचा प्लग कुठून येणार?

शंतनू : नाही, म्हणजे... कॅम्पग्राउंडवर पण असतो प्लग.

आई : हं. मी नागपूरला शेजारच्या शैलजाला फोनवर सांगून टाकलं. म्हटलं, बाई, पोरगा मला येलोस्टोनला घेऊन चालला, जमिनीतून उकळतं पाणी उडते ते पाहायला. तिनं सगळ्या कॉलनीला सांगितलं. परवा तर आमच्या दवाखान्यातल्या जुन्या वॉर्डबॉयचा मेसेज आला, मॅडम फोटो पाठवा.

हिमानी : शंतनू, प्लीज.

आई : त्याच्यामागे काहून लागली तू? अन् हे पाहा, पर्समध्ये काय आहे ते. कुंकू अन् लिंबं. नारळ नाही आणला, इथला नारळ फोडला की आतून साबणाचा वास येते. दोन चाकांखाली दोन लिंबं. ट्रेलर हातभर पुढे न्यायचा, लिंबू फुटलं की झाली पूजा. तुझ्या बाबांच्या लुनाला मीच केलं होतं. ती लुना पंधरा वर्षं चालली, तुझे बाबा तेवढे नाही चालले.

शंतनू : आई, इथे नको. हे लोक हसतील.

आई : हसू दे. त्यांना पण थोडं हसायला पाहिजे, सकाळपासून विकून राहिले बिचारे. मला एक सांग. आपल्या गाडीला मागे तो गोळा आहे काय?

शंतनू : कसला गोळा?

आई : ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा. मी व्हिडिओ पाहिले ना आठवडाभर, दुसरं काम काय मला! त्या विकणाऱ्या पोरानं तुला पहिलाच प्रश्न हा विचारला. ओढणार कशानं? तू हसून म्हणाला, वुई विल फिगर इट आऊट.

शंतनू : तुला ऐकू आलं?

आई : ऐकू येते, अन् समजते पण. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांशी काय मी तेलुगूत बोलत होती?

शंतनू : तसं नाही ग. गोळा बसवून घेता येतो नंतर.

आई : आपल्या त्या बॅटरीच्या डबीला? ती मला अन् तांदळाच्या पोत्याला घेऊन चढ चढताना कण्हते. बरं, गोळा सोड. तू वजन विचारलं नाही. ब्रेक विचारले नाहीत. मागे घेताना कसं वळवायचं, विचारलं नाही. मग एवढा वेळ तू विचारलं काय? डिसेंबरात पाइपमधलं पाणी गोठेल काय. वारं आलं तर हलेल काय. एका जागी उभा राहिला तर टायर खराब होते काय. शंतनू, डिसेंबरात कोण जाते फिरायला?

शंतनू : जनरल माहिती म्हणून विचारलं.

आई : पेशंट जनरल माहिती म्हणून विचारायचा, सिस्टर, शेजाऱ्याला असं असं होते. मी म्हणायची, शेजाऱ्याला राहू दे, तू शर्ट काढ. काढ शर्ट. काय झालं?

शंतनू : काही नाही झालं, आई...

हिमानी : शंतनू!

शंतनू : थांब ना यार जरा!

हिमानी : किती थांबू? ख्रिसमसला म्हणालास न्यू इयरनंतर. मग म्हणालास आईंचा वाढदिवस होऊन जाऊ दे. आता पैसे भरायची वेळ आली, तरी तू त्यांना अस्वलं दाखवतोयस.

आई : हिमानी, तूच सांग. ह्याच्यानं नाही होणार. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की हा पलंगाखाली जायचा. नर्सचं पोरगं!

हिमानी : आई, हा ट्रेलर फिरायला नाही घेत आहोत. घराच्या बाजूला लावायचा आहे, कुंपणाच्या आत. तुमच्यासाठी.

आई : माझ्यासाठी म्हणजे?

हिमानी : राहायला.

आई : अच्छा.

शंतनू : आई, तू असं नको घेऊस ते. स्वतंत्र जागा, आई. तुझं किचन, तुझा टीव्ही, तुझी प्रायव्हसी. इथे खूप लोक करतात. ग्रॅनी फ्लॅट म्हणतात त्याला.

आई : फ्लॅटला चाकं असतात काय?

शंतनू : एचओएचा, म्हणजे आपल्या सोसायटीवाल्यांचा पण प्रॉब्लेम नाही. रस्त्यावरून दिसला नाही तर त्यांना चालतं.

आई : दिसला नाही तर चालते. ट्रेलर, की मी?

शंतनू : आणि फक्त झोपायलाच ग. दिवसभर तू घरातच असशील, आमच्यात.

हिमानी : आता तरी खोटं नको बोलूस. दिवसाच तर मीटिंग्ज असतात.

आई : एक मिनिट. घरात चार खोल्या आहेत. एकीत तुम्ही. एकीत मी अन् अहिल्या. उरलेल्या दोन खोल्यांत कोण झोपते? लॅपटॉप.

हिमानी : त्याच लॅपटॉपवर घर चालतं, आई. माझ्या टीममधली निम्मी माणसं काढून टाकली. उरलेल्यांतलं कोण जाणार, माहीत नाही. मी प्रेझेंट करत असते, मागे कुकर शिट्टी देतो. तुम्ही दार उघडून विचारता, पोळी गरम खाशील का. तिकडून मॅनेजर हसतो. तो चिडला असता तर परवडलं असतं, त्याच्या हसण्याची मला भीती वाटते.

आई : गरमच विचारलं ना? शिळी तर नाही दिली.

हिमानी : हेच. तुम्ही काही वाईट करत नाही, म्हणून मला बोलताही येत नाही. अहिल्या चौदा वर्षांची झालीय. मैत्रिणीशी बोलायला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. मी वाईट सून आहे, समजा तसं, चालेल मला. पण येलोस्टोनचं मी नव्हतं सांगितलं.

आई : नाही. तू नव्हतं सांगितलं.

शंतनू : मला वाटलं, आधी तू ट्रेलर बघशील, तुला आवडेल, मग हळूहळू...

आई : मग हळूहळू म्हशीला सांगायचं, की गोठा हाच बरं का. अहिल्याला काय सांगितलं?

शंतनू : अहिल्याला... हेच, की आजीलाच हवंय. तिला शांतता लागते.

आई : अन् लोकांना? त्या दिवशी तुझ्या मित्राकडे, विवेककडे, पॉटलकच्या जेवणाला त्याची बायको मला म्हणाली, मावशी, छान झालं, आता तुमचं स्वतःचं घर होणार. मला वाटलं, वरच्या घराचं म्हणते. हिला माझा बीपी कोणी सांगितला? मी आपली देवाला हात जोडून मोकळी झाली.

शंतनू : सॉरी, आई.

आई : सॉरी नको. नागपूरचा, मानेवाड्याचा फ्लॅट असता ना, तर आत्ता इथूनच टॅक्सी बोलावली असती.

शंतनू : फ्लॅट विकायचं आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं.

आई : तू ठरवलं, मी सही केली. तू म्हणाला, आई, तिकडे आता तुझं कोण आहे? बरोबर म्हणाला, कोणी नव्हतं. आता इकडे कोण आहे, तेही सांगून टाक. एका दमात होऊन जाऊ दे.

हिमानी : आई, असं नका बोलू.

आई : तुला नाही बोलून राहिली मी. तू सरळ सुई टोचली. दुखलं, पण समजलं कुठे टोचली ते. हा सहा महिने कापूस चोळून राहिला. शंतनू, ह्या संडासातलं जाते कुठे?

शंतनू : काय?

आई : मैला. कुठे जाते?

शंतनू : खाली टाकी असते. भरली की पाइप लावून रिकामी करायची.

आई : कोणी?

शंतनू : सर्व्हिस मिळते तशी. मागवता येते.

आई : कोणी, शंतनू?

हिमानी : मी करीन, आई.

आई : तुला नाही विचारलं. मी जन्मभर परक्या माणसांची संडासाची भांडी काढली. नाकाला पदर नाही लावला कधी, त्याला वाईट वाटू नये म्हणून. तुझ्या बापाचं शेवटी सगळं अंथरुणातच होतं. तेव्हा तू इकडून फोन करून विचारायचा, आई, बाई लावली का? नाही लावली. मी होती ना. आता माझी टाकी भरली की कोण येईल?

शंतनू : मी करीन. मी करतो, आई.

आई : तोंडाकडे पाहून सांग.

शंतनू : ... मी आत्ताच त्या माणसाला नाही म्हणून सांगतो. कॅन्सल करू. नको हे काही. माझ्या ऑफिसच्या खोलीत झोप तू, मी बेसमेंटला बसतो.

हिमानी : आपल्याला बेसमेंट नाहीये, शंतनू.

आई : पाहा. ह्या वयातही पलंगाखालीच जाऊन राहिला. कॅन्सल नको करू. आता मला माहीत झालं ना. त्या घरात कुकर लावताना मी शिट्टी होण्याआधी गॅस बंद करीन, भात कच्चा राहील. अहिल्यानं नळ सोडला की मला ऐकू येईल. दार उघडण्याआधी मी दहा वेळा विचार करीन, हिचा मॅनेजर हसून राहिला काय. असं जगते काय कोणी? घे. हाच घे.

हिमानी : आई, रागात नका ठरवू.

आई : रागातच ठरवून राहिली. राग गेला की मी रडीन, अन् रडणाऱ्या बाईला लोक काहीही देतात. आत्ता मला बरोबर दिसते. ह्या दाराला आतून कडी आहे काय?

शंतनू : आहे. ही बघ.

आई : अन् बाहेरून?

शंतनू : किल्ली. दोन देतात ते. एक आमच्याकडे राहील, इमर्जन्सीला.

आई : दोन्ही माझ्याजवळ.

शंतनू : आई, तुला रात्री-बेरात्री काही झालं तर?

आई : तर दार वाजवायचं, बाहेर उभं राहायचं. मी मीटिंगमध्ये नसली तर उघडीन.

शंतनू : तो येतोय परत. काय सांगू त्याला?

आई : सांग, की पॅक कर. अन् ओढणार कशानं विचारलं, तर ह्या वेळी हसू नको. सांग, ओढायचंच नाही, तुम्हीच आणून ठेवा. जा.

हिमानी : आई.

आई : बोल.

हिमानी : ती लिंबं द्या माझ्याकडे. त्याला हातभर पुढे घ्यायला सांगते. पूजा करू आपण, नीट. हसू देत कोणाला हसायचं ते.

आई : नको.

हिमानी : तुमची इच्छा होती ना.

आई : चाकाखाली ठेवतात ती प्रवासाला निघणाऱ्या गाडीच्या. ही कुठे निघाली? राहू दे पर्समध्ये. दाराला बांधीन.

हिमानी : बरं.

आई : घरी हिरव्या मिरच्या आहेत काय, की जाताना घ्यायच्या?