निळ्या भांड्याचं झाकण

हॅलो?… हो, मीच. ताई, आत्ताच दार उघडलं, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत अजून…

सांगतो ना… अगं ऐक तर! हो, झालं प्रदर्शन. सगळी अठ्ठावीस भांडी सुखरूप घरी आली. एकाचाही टवका उडाला नाही.

हस, हस. ‘रिटायर झालेला टर्नर जुन्या बाजारातून डबे गोळा करत हिंडतो’… चार वर्षं ऐकतोय. डबे नाहीत गं! फ्रिजमध्ये ठेवायची काचेची भांडी, झाकणासकट. आपल्या लहानपणी असायची ती.

छे, रिकामी कशाला मांडू? भाजी होती, उकडलेले बटाटे, सूप. रोज वापरतो तशीच नेली. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, ‘हात लावू नका’ अशी पाटी लावू का? म्हटलं, बाई, त्यापेक्षा चमचे ठेवा.

हो… हो… तेच सांगतोय. शेजारच्या टेबलावर अशीच भांडी जमवणारे एक बडे शौकीन होते, पांढरे हातमोजे घालून. त्यांनी माझं निळं चौकोनी उचललं, झाकण उलटंपालटं केलं नि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘हे मूळचं नाही. सदोष नमुना.’

काय वाटणार? कानशिलं तापली…

हो, तेच. हिचं. मूळ झाकण हिच्याच हातून फुटलं ना, आजारपणात, हात थरथरायचे तेव्हा. किती मनाला लावून घेतलं होतं! दोन वर्षं वर बशी झाकायची नि मला म्हणायची, ‘कारखान्यातलं सगळं जुळवता, एवढं एक झाकण जुळवा की.’

नाही ताई… ती असताना नाही जमलं. तीन तडकली. चौथं जमलं, ती गेल्यावर आठ महिन्यांनी. दुसऱ्या एका मोठ्या झाकणातून कापलं, मग ओल्या पॉलिश पेपरवर वीस दिवस घासत बसलो.

त्यांना? झाकण परत भांड्यावर बसवलं. टेबलं जोडूनच होती. टेबलाची कड धरली नि हलवली… अगं नाही फुटलं काही! बेताने हलवली. सगळी झाकणं खुळखुळली, त्यांची मूळची तर जास्तच. निळं तेवढं गप्प, इतकं चपखल बसलेलं. हूं की चूं नाही.

मग काय! हातमोजे काढले साहेबांनी. कडेवरून बोट फिरवलं, दोनदा. म्हणाले, ‘हे कुणी केलं?’

म्हटलं, मी… ताई, छत्तीस वर्षं सुटे भाग केले गं. हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

बाईंनी तर लगेच भांड्यापुढची चिठ्ठी बदलली. थांब, खिशात आहे, वाचतो. ‘झाकण हाताने बनवलेले. भांडे रोजच्या वापरात.’

हॅलो?… ऐकतेस ना?

काय? माळ्यावर?… आईचं ते गोल? मला वाटलं, कधीच फुटलं! झाकण नाही म्हणून वर टाकलंस… आणि इतकी वर्षं मला हसत होतीस होय गं?

नको, नको, पट्टीने नको मोजू. कागदावर पालथं घाल नि कडेने पेन्सिल फिरव… आत्ता? अगं, गुडघे बघ स्वतःचे! आधी भावोजींना हाक मार, स्टूल धरू देत…

जमेल. जमवतोच. तू फोन ठेव, दोन्ही हातांनी उतरव… ठेव म्हटलं ना… बरं, मीच ठेवतो.