हसू कुठं जोडलंस?

पुष्पावती : थांबीव! हितंच थांबीव. बघ मोनिका, पडद्यावर बघ माझं तोंड. बत्तीसच्या बत्तीस दात भायेर!

मोनिका : काकू, हसू किती छान आलंय तुमचं. अख्ख्या लग्नात एवढं मोकळं कुणी हसलंच नाही.

पुष्पावती : हसू छानच हाय गं. पन त्याच्या आदी काय लावलंस? माझी इहीन, बनुबाई, लेकीच्या पाठवनीला ढसाढसा रडती. आन लगीच मी! खदाखदा! नवऱ्या मुलाची आई हाय का हडळ हाय?

मोनिका : पाठवणी फार लांबली होती हो. नुसती रडारड कोण बघणार? म्हणून मध्ये एक हसरा चेहरा टाकला. जरा चव येते व्हिडिओला.

पुष्पावती : आली की चव! समद्या श्रीगोंद्यानं चाखली. बनुबाईनं भावकी गोळा करून टीव्हीवर लावला तुझा पिच्चर. तवापासून माझा फोन उचलीत न्हाई. अधिक महिना सरत आला, आमच्या नेवाशाच्या आळीतलं समदं जावई धोंडं खाऊन, नवी कापडं घालून मिरवत्यात. आन आमचा अमृत? लग्नानंतरचा पयलाच अधिक, आन घरी बसून पिठलं खातोय!

मोनिका : अगं बाई! धोंड्याचं बोलावणंच नाही?

पुष्पावती : न्हाई. पोरगं गप, सून गप. जया बिचारी माझ्याकडं बघून हसत बी न्हाई आता. तिला वाटतं, मी काय आर्थ काढंन. म्हनून पयल्या यष्टीनं निगून आले तुझ्याकडं सावेडीला.

मोनिका : पण काकू, तुम्ही एवढ्या हसत कशाला होतात?

पुष्पावती : आगं त्ये पंगतीतलं हाय! ह्यांचा फेटा मठ्ठ्याच्या पिंपात पडला. वाढप्यानं त्यो काढला, पिळला, झटाकला, आन “घ्या पाव्हनं” म्हनून परत डोक्यावर ठिवला. कोथिंबिरीसकट! आता तवा न्हाई हसायचं तर कवा हसायचं?

मोनिका : थांबा, थांबा, मला हसू द्या आधी. कोथिंबिरीसकट! अहो, कॅमेरा तुमच्यावर होता, फेटा काही सापडलाच नाही. नाहीतर तिथंच नसतं का जोडलं?

पुष्पावती : घोडं कुठं आन खोगीर कुठं! काढून टाक त्ये.

मोनिका : काढते. पण बनुबाईंच्या डोक्यातनं कसं काढू? बरं, एक गंमत बघा. हसू तुमचं हेच ठेवते, फक्त त्याच्या आधीचं बदलते. हे घ्या, श्रीखंडाची वाटी... आणि तुम्ही.

पुष्पावती : अगं बया! जल्मात गोड न बघितल्यावानी! हावरट!

मोनिका : भटजींचा आवाज मंगलाष्टकात फाटला... आणि तुम्ही.

पुष्पावती : पापी बाई! भर मांडवात भटजीला हसती. अजून हाय का?

मोनिका : आशीर्वाद द्यायला आलेले तुमचे पुढारी. “येत्या उन्हाळ्यापर्यंत घरोघर नळाला पाणी देणार म्हणजे देणार!” ...आणि तुम्ही.

पुष्पावती : मेले, मेले! आता गं! उद्या इरोधी पक्षवाले तिकीट घिऊन दारात येतील माझ्या! परत लाव. नळ लाव, नळ!

मोनिका : हे झालं. आता जया अंतरपाटाच्या कडेनं डोकावते... आणि तुम्ही.

पुष्पावती : ...आगं. किती माया दिसती गं माझ्या तोंडावर. मोनिका, खरं सांग, ह्यात काय रंगबिंग भरलास का?

मोनिका : एका केसाचा फरक नाही. तेच हसू, तेच दात.

पुष्पावती : आसं हाय व्हय! तरीच सोनाराच्या दारात उबी ऱ्हायले की लोक म्हनत्यात, दागिना केला. मी आपली रिक्षाची वाट बगत आसते! आता इहिनीचं कर की गं आसं.

मोनिका : त्यांच्या रडण्याचं? काकू, तुम्ही मला मार खायला लावणार. हे बघा, गुलाबजामचं रिकामं पातेलं... आणि बनुबाई.

पुष्पावती : आई गं! गुलाबजाम सपलं म्हनून रडती! पोट दुखाया लागलं माझं. अमृत वरातीत नाचतोय त्यो लाव, त्यो लाव!

मोनिका : अमृत... आणि बनुबाई.

पुष्पावती : जावयाचा नाच बघून रडती! आन त्यो नाच हाय बी तसाच, मी आई आसून सांगते. लाव फोन. ह्ये तिला दावायचंच. तुज्या फोनवरनं लाव, माझा नंबर बघितला की कापती. आन त्यो तोंडं दिसत्यात तसला लाव.

बनुबाई : कोन?

मोनिका : नमस्कार काकू, मी मोनिका. जयाच्या लग्नाचा व्हिडिओ केला ती.

बनुबाई : बोला.

पुष्पावती : इहीनबाई, मी हाय. फोन ठिवू नका, जयाची शपथ हाय तुमाला!

बनुबाई : हसाया फोन केला का? हसा. हसतील त्यांचे दात दिसतील.

पुष्पावती : आवं, दातच दावायचेत! मोनिका, फोन धर पडद्याफुडं. लाव श्रीखंड. लाव भटजी. नळ इसरू नको!

मोनिका : आणि काकू, आता तुम्ही. रागावू नका हं. रिकामं पातेलं... आणि तुमचं रडणं.

पुष्पावती : इहीनबाई? ...गेली का गं? ठिवला का फोन?

बनुबाई : न्हाई ठिवला. तोंडात पदर घालून हसतीया. भायेर सासरे बसलेत. परत दावा त्ये गुलाबजाम.

पुष्पावती : मंजी पटलं ना? देवाशपथ, त्ये हसू पंगतीतलं हाय.

बनुबाई : पटलं. आता माझं ऐका. त्ये रडनं बी तिथलं न्हाई.

पुष्पावती : आँ?

बनुबाई : होमाचा धूर गेल्ता डोळ्यात. पाठवनीला मी रडलेच न्हाई.

मोनिका : खरंय ते. पाठवणीला यांचे डोळे कोरडे ठणठणीत. आईच्या रडण्याशिवाय पाठवणी कशी करायची? धुंडाळून धुंडाळून मी होमातलं उचललं.

बनुबाई : पिच्चर बघून भावकीतल्या बाया म्हनल्या, किती रडलीस गं, आईचं काळीज. मंग मला बी वाटाया लागलं, रडले आसंन. आन मी रडले आसंन, तर तुमी बी हसला आसाल. मी सोता तिथं उबी हुते. तरी टीव्हीचं खरं मानलं.

पुष्पावती : पन रडला का न्हाई वो? एकुलती एक लेक!

बनुबाई : रडनारच हुते. तोंड वाकडं बी झालं हुतं. तेवढ्यात गाडीचं दार लावताना जयाचा पदर भायेर ऱ्हायला. तिच्या ध्यानात न्हाई, माझ्या न्हाई. तुमी वाकून गोळा केला, तिच्या मांडीवर ठिवला, मंग दार लावलं. हळू. मंग रडायसारखं काय उरलंच न्हाई.

मोनिका : तो शॉट आहे माझ्याकडे. मीच काढून टाकलेला. त्यात कुणी हसत नाही, कुणी रडत नाही.

बनुबाई : दाव, पोरी.

मोनिका : कशापुढे लावू?

बनुबाई : कशाच्या बी फुडं नको. तेवढाच दाव.

(पडद्यावर गाडीचं उघडं दार, हिरवा पदर आणि तो फुलासारखा जपून उचलणारा एक हात. पुष्पावतीबाईंना आपलाच हात ओळखायला जरा वेळ लागतो.)

पुष्पावती : माझा हाय व्हय त्यो हात? मला तर आठवत बी न्हाई.

बनुबाई : ऐतवारी लेक-जावयाला धोंड्याला पाठवा. आन तुमी बी या.

पुष्पावती : आवं, धोंडं जावयाचं आसतं! मी कुठं बसू? अमृतच्या शेजारी?

बनुबाई : न्हाई. माझ्या शेजारी.