चिमणाबाईचा दंड

हॅलो?… हॅलो!… कोण? एक्स्चेंजवाले?… ट्रंक कॉल? कुठनं?… जयसिंगपूर? द्या की मग, द्या द्या… व्हय, शाहूपुरीच. गुळाची पेढी. मालक न्हाईत, मी घरातली बोलतीया, शांतव्वा…

रत्नव्वा? तूच हाईस काय गं?… ओरडू नको, ऐकू येतंय मला… अप्पा बरं हाईत न्हवं? अव्वा?… सगळी बरी हाईत? मग ट्रंक कॉल कशाला केलीस, काळीज हाललं की माझं.

काय?… कोण म्हणालं?… तुझ्या मालकास्नी बाजारात सांगितलं? काय सांगितलं?… दाजी कोर्टात उभं होतं… बरं… एका गवळणीच्या पायी… असं म्हणत्यात व्हय माणसं? गवळणीच्या पायी?…

न्हाय, रडत न्हाय. रडायला काय झालंय… उभं होतं ते खरं हाय. पण आरोपी म्हणून न्हवं गं, साक्षीदार म्हणून. फिर्यादच ह्यांनी दिलती… तिच्यावर! चिमणाबाईवर. आता कळलं? उलटंच पोचलंय तुझ्याकडं…

सांगते. सगळं सांगते, दम धर. आज अमावास्या, पेढी बंद हाय, खाली चिटपाखरू न्हाय. हे सकाळी बाहेर पडल्यात ते अजून आलं न्हाईत. मी बसलीया ह्यांच्या गादीवर.

चिमणाबाई तुला ठावं हाय की. पंचमीला आलतीस तवा दाखवली न्हवती काय, गंगावेशीत, दूधकट्ट्यावर? उंच, सावळी, कपाळ मोकळं… व्हय, तीच, विधवा. सांजचं दोन म्हशी घेऊन येती. गिऱ्हाईक पुढं उभं, ही धार काढती आणि तांब्या भरून हातात देती. तुझं दाजी पाच वर्सं तिथं जात होतं. पेढीला कुलूप लावलं की टोपी घातली, निघालं.

तेच म्हणते मी! घरात म्हैस न्हाय व्हय? अप्पांनी दिलेली म्हैस, दूध असं की बोटाला चिकटतंय. एकदा म्हटलं, मी काढते धार, इथंच परसात उभं ऱ्हावा, ऊन ऊन देते. तर म्हणालं, “ते वेगळं.” काय वेगळं? तू सांग, काय वेगळं?

न्हाय गं, तसलं कायबी न्हवतं… मला ठावं हाय ना. बघून आलते मी. धोंडुबाईला, आमच्या भांडीवालीला, संगं घेतलं, डोस्कीवरनं पदर घेतला आणि कट्ट्यासमोर कासाराच्या दुकानात जाऊन बसले… व्हय, भरल्या बांगड्या, नुसतं बसू देतोय व्हय तो? ऐक तर. हे आलं. तिनं तांब्या दिला. ह्यांनी तोंडाला लावला तशी ती म्हणाली, “मालक, जरा थांबा की, फेस बसू द्या.” आणि हे हसलं.

हसलं, रत्नव्वा. दात दिसोस्तोवर हसलं. बारा वर्सं झाली माझ्या लग्नाला. तू आमच्यात येऊन राहिलीस, तू कवा बघितलंस त्यांस्नी हसताना?… बघ.

त्यापरीस तिचा हात धरला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी आलं असतं मला. हसण्यावरनं काय भांडायचं?

हॅलो?… व्हय दादा, आणखी तीन मिनिटं वाढवा की. ती वाढवतीया तिकडनं… वाढव गं, रत्नव्वा, सांग त्याला… हां.

तर काय झालं, श्रावणात तिच्या एका म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हाच सोडंना. दुसरीचं दूध कितीसं? गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या गवळ्यांकडं गेली. हे मात्र जायाचं. मिळालं तर अर्धा तांब्या, न्हाय मिळालं तर तसंच परत. आणि मग एक दिवस दूध सुरू झालं की! पहिल्यासारखं, काठोकाठ. हे घरात आलं ते खुशीतच. “चिमणाबाईच्या म्हशीनं पान्हा सोडला,” म्हणालं. मी पोळपाट आपटला, तर म्हणालं, “काय पडलं?”

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे गेलं तिच्या गोठ्यावर… गोठ्यावर! कट्ट्यावर न्हवं. मीबी तेच इचारलं, कशाला? तर म्हशीला सणाची पेंड द्यायला म्हणं. न सांगता गेलतं, अवेळी. आणि आत बघत्यात तर…

कसं सांगू गं फोनवर, मधी ते एक्स्चेंजवालं ऐकत असणार… अगं, म्हशीचं पाय बांधलेलं, आणि बांबूची नळी… शेपटीखाली… व्हय. तिथं घालायची आणि तोंडानं फुंकायचं. आतनं कळ उठती, म्हैस दूध सोडती. फुका म्हणत्यात त्याला. कोर्टात सगळी फुका, फुका करत होती. रोज दोन वेळा, बाई. जनावरांच्या डाक्टरनं तपासलं, म्हणाला, आतनं सगळी सुजलीया, फाटलीया, ही परत गाभण ऱ्हायची आशा न्हाय.

न्हाय, मी न्हाय बघितलं. ह्यांनी बघितलं. घरी आलं, सरळ परसात गेलं आणि भडाभडा वकलं. माझ्या म्हशीसमोर. मग तिच्या पाठीवर हात ठेवून उभं ऱ्हायलं किती तरी येळ.

सकाळी उठलं ते चौकीत. कुणी सांगितलं न्हाय, बोलावलं न्हाय. हवालदार म्हणाला, शेटजी, समज देऊन सोडू की, गरीब बाई हाय. हे म्हणालं, “न्हाय. मुक्या जनावरासाठी कायदा हाय न्हवं? मग लिहून घ्या.”

व्हय, झाला मला आनंद. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पुरणाच्या पोळ्या केल्या त्या दिवशी, आणि नुसता दसरा होता म्हणून न्हवं… पण जेवताना ह्यांच्याकडं बघितलं. घास हातात तसाच. डोळं लाल. मागं मुनिमानं पेढीत अफरातफर केली तवाबी ह्यांचा आवाज चढला न्हवता. मी एवढी भांडते, माझ्यावर कवा चिडलं न्हाईत. चिडण्याएवढंबी काय वाटलं न्हाय त्यांस्नी माझ्याबद्दल, आणि हिच्यावर मात्र… पोळी उतरली न्हाय मग माझ्याबी घशाखाली.

कोर्टात? गेलते की. न जाऊन कशी ऱ्हाईन? मागच्या बाकावर बसले. मॅजिस्ट्रेट तरणाच होता, चष्मेवाला. डाक्टर बोलला, हवालदार बोलला, मग ह्यांनी शपथ घेतली. नळी कुठं होती, पाय कशानं बांधलं होतं, म्हैस कशी कण्हत होती, सगळं सांगितलं. तिच्याकडं एकदाबी बघितलं न्हाय. तेच बघायला गेलते ना मी.

मग साहेबानं तिला इचारलं, बाई, गुन्हा कबूल हाय काय? ती म्हणाली, “हाय. केलं मी.” साहेब म्हणाला, का केलंस? तर काय म्हणावं तिनं?… ऐक. म्हणाली, “साहेब, सगळी गिऱ्हाइकं सोडून गेली. हे मालक तेवढं येत ऱ्हायलं. रिकामा तांब्या घेऊन परत जायाचं. मला बघवंना.”

…

व्हय. भर कोर्टात. हसली की माणसं! वकील हसलं, पट्टेवाला हसला. तेच पोचलं असणार तुझ्या मालकापातूर. आणि हे मान खाली घालून उभं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, मागनं दिसत होतं मला.

बरोबर बोललीस. ह्यांचा रिकामा तांब्या बघवंना, आणि म्हशीचं हाल बघवलं तिला? साहेबानंबी तेच इचारलं. मग रडली.

शिक्षा झाली की. पन्नास रुपये दंड, न्हाय भरला तर महिनाभर साधी कैद. आणि म्हैस पांजरपोळात. साहेब म्हणाला, पहिलाच गुन्हा हाय म्हणून एवढ्यावर सोडतोय, कायद्यात दोन वर्षांपातूर हाय. आता तिच्याजवळ कुठलं पन्नास? पोलीस तिला घेऊन जायाला लागलं. आणि तवा ह्यांचा हात कोटाच्या खिशात गेला. म्हटलं, आता भरतंय बघ… रुमाल काढला. तोंड पुसलं आणि बाहेर पडलं.

मला वाटलं, संपलं एकदाचं… संपलं कुठलं! ती जेलात गेली आणि माझ्या घरात येऊन बसली. हे ताटावर बसलं की भाताकडं बघत ऱ्हायाचं. माझ्या म्हशीचं दूध दिलं, पेला सरकवला. दूधच सोडलं म्हणं. आणि सांजचं कुठं? पांजरपोळात! तिच्या म्हशीजवळ! पेढीचा मालक धोतर खोचून म्हशीला धुतोय, डाक्टरनं दिलेलं औषध लावतोय. मागं मला ताप आलता तवा धोंडुबाईनं ठेवल्या कपाळावर पट्ट्या. हे दारातनं “बरं वाटतंय न्हवं?” म्हणालं आणि पेढीत गेलं… हस, हस तू. म्हशीवर जळतीया म्हण बहीण.

पण ऐक, बाहेर होती तवा ती एक गवळण होती गं. हाताला शेणाचा वास, नऊवारी ठिगळाची. आत गेली तशी मोठी व्हाय लागली. रोज मोठी. कुणाशी भांडू? दिसतच न्हाय ती. म्हटलं, असं महिनाभर चाललं तर मलाच जागा उरायची न्हाय ह्या घरात. हिला बाहेर काढाय पाहिजे.

काढली… मीच. दंड मी भरला, रत्नव्वा… ओरडू नको!… परवा. धोंडुबाईच्या नवऱ्याला पाठवला कोर्टात, ज्ञानूला. पैसे दिलं, म्हटलं, तिच्या नावावर भर, माझं नाव काढायचं न्हाय… तूप इकून साठवलेलं होतं माझं.

दया? दया कुठली, येडी का काय तू! मी काय म्हटलं ते ऐकलं न्हाईस व्हय?

आणि मग बिंदू चौकात गेले, जेलच्या दाराशी, टांग्यात बसून ऱ्हायले. आली ती. वाळलीवती. मला कुठली ओळखतीया? कवा बघितलंच न्हवतं तिनं मला. रस्त्याच्या ह्या टोकाला, त्या टोकाला बघाय लागली. मी हाक मारली. म्हटलं, दंड भरलाय तुझा, म्हणून सुटलीस. तर तोंडातनं पहिला शब्द काय यावा?… “मालकांनी?”

एवढंच. “मालकांनी?” आणि चेहरा असा उजळला गं…

मी म्हटलं, न्हाय. मालकिणीनं.

उतरला की चेहरा! मला वाटलं होतं, ते बघून लई गार वाटंल… न्हाय वाटलं… थोडं वाटलं.

मग टांग्यात घेतली. जोतिबाला तिचा भाऊ हाय, पिराजी, नारळ-गुलालाचं दुकान हाय त्याचं. मोटारस्टँडावर नेली, जोतिबाच्या गाडीत बसवली. म्हटलं, कट्ट्यावर परत दिसायचं न्हाय. “न्हाय दिसत, अक्का,” म्हणाली, “म्हशीकडं तेवढं बघा. तिचं लई वाटोळं केलं मी.” आणि पदर तोंडात कोंबून रडाय लागली. गाडी हालली तरी रडतच होती… मी? मी कशाला रडू? धूळ होती स्टँडावर.

न्हाय, ह्यास्नी ठावं न्हाय. ह्यांच्या लेखी ती आतच हाय अजून.

थांब… दार वाजलं. हे आलं वाटतं. ठेवू नको हां, धरून ऱ्हा…

आलासा?… रत्नव्वा हाय, जयसिंगपूरहून… सहजच. बसा की. तोंड का असं झालंय?… कुठं गेलता?… कोर्टात? आज कोर्टात कशाला?…

दंड भरायला म्हणता?

…बरं… चिमणाबाईचा… आज भरायला गेलता. मग भरलासा?…

आधीच भरलाय? अय्य! कुणी?… कारकून काय म्हणाला?… गडीमाणूस… फेटेवाला… नाव सांगितलं न्हाय? आणि ती कुठं गेली ते?… जेलचा शिपाई म्हणाला, टांग्यात बसून गेली? बाई!…

मला कसं ठावं असंल? मी घरात बसणारी… कोण असंल म्हणजे? असंल कुणीतरी. तिच्या दुधाचं गिऱ्हाईक तुमी एकटंच होता व्हय?… चिडता कशाला? मी आपलं म्हटलं. एकटी बाई, देखणी, कुणाचा जीव गुंतला असंल, सोडवली आणि घेऊन गेला…

बरं, न्हाय बोलत… पाणी देऊ?… नको तर नको. जावा वर, पडा जरा.

…

हॅलो… हाईस न्हवं?… गेलं. वर गेलं. ऐकलंस सगळं?… हळू बोल… अगं, तोंड बघायला पाहिजे होतंस त्यांचं. “कसला फेटा? वय काय?” म्हणून त्या कारकुनाला तीनदा इचारून आल्यात. बांगड्यांच्या दुकानात बसून मी जशी बघत होते ना, तसंच बघत होतं भिंतीकडं… आणि माझ्यावर ओरडलं, रत्नव्वा. बारा वर्षांत पहिल्यांदा. “गप बस,” म्हणालं. ऐकलंस न्हवं?

व्हय, सांगणार की… सांगीन म्हटलं न्हवं… पाप-बीप मला सांगू नको. उद्या सकाळी सांगते, ज्ञानूला पुढं उभा करून सांगते. मग काय करायचं ते करू देत, बोलू देत न्हाय तर आठ दिवस बोलू नकोत.

न्हाय. आत्ता न्हाय. वर फेऱ्या माराय लागल्यात, तक्तपोशी वाजतीया… मी पाच वर्सं काढली, त्यांस्नी एक रात्र जाऊ दे की.

…वरनं हाक मारत्यात… काय म्हणालासा?… आले! आले, वर येते!… ठेवते गं.