हात खाली

बाई : पण डॉक्टर, चार दिवस झाले, दात दुखायचा थांबलाय. उगाच कशाला छेडायचा?

डॉक्टर : थांबला नाही हो. आतली नस मरत चाललीय, म्हणून गप्प बसलाय. मुळाशी पू तसाच आहे. उद्या गाल फुगेल.

बाई : मग उपटून टाका एकदाचा.

डॉक्टर : कशाला? दाताला वरून भोक पाडायचं, मुळांच्या नळ्यांतली सडलेली नस बारीक सुयांनी खरवडायची, आतून धुवायचं आणि भरून टाकायचं. रूट कॅनाल म्हणजे एवढंच. दात तुमचा तुमच्या तोंडात.

बाई : दुखेल का?

डॉक्टर : भूल देतेय. पण पू झालाय तिथं ती कधीकधी पुरती चढत नाही. दुखलं तर हात वर करा. मी थांबेन, आणखी भूल देईन.

बाई : किती छान समजावता! शिक्षिका व्हायला हवं होतंत.

डॉक्टर : तुमचीच विद्यार्थिनी. पाचवी ब, खिडकीजवळचा बाक.

बाई : अगं, मग आधी नाही का सांगायचं! नाव काय गं तुझं?

डॉक्टर : नाव तुम्हीच ठेवलं होतंत. गळकी.

बाई : अगंबाई, ती तू! केव्हाची हात वर करून बसलेली, आणि शेवटी बाकावरच... वर्ग काय हसला होता!

डॉक्टर : दहावीपर्यंत हसत होता.

बाई : पोरवयातल्या गमती गं त्या. पण तास संपेपर्यंत जागचं हलायचं नाही म्हणजे नाही. एकीला सोडलं की चाळीस हात वर! त्या शिस्तीनंच डॉक्टर झालीस ना?

डॉक्टर : हो तर. आ करा. हं, टोचेल जरासं... झालं. सिस्टर, रबराचा पडदा लावा. बाई, आता बोलता यायचं नाही. फक्त हात.

सिस्टर : मॅडम, दोन मुळं झाली.

डॉक्टर : तिसऱ्यात नस जिवंत आहे अजून. सुई द्या.

सिस्टर : मॅडम, आजींनी हात वर केलाय.

डॉक्टर : दिसतोय मला.

सिस्टर : रडतायत हो त्या. भूल भरू का आणखी?

डॉक्टर : नको. बाई, हात खाली. तास संपायला वीस मिनिटं आहेत.